धाकटीचा बूट

"बूट? अहो, माझ्या तापत्या दुधात बूट?"

"ओरडू नकोस. पायातला नाहीये तो."

"पायातला नाही, मग काय डोक्यातला?"

"ॲक्सलचा आहे. रबरी. नवाकोरा," अण्णा चिमट्याने बूट वर काढत म्हणाले. काळ्या रबराची चुणीदार नळी ती, पिपाणीसारखी एका तोंडाला रुंद, दुसऱ्या तोंडाला अरुंद. तिच्या चुणीचुणीत साय बसली होती. "आणि एक सांगून ठेवतो, दूध आधी उतू जात नव्हतं. बूट घातल्यावर गेलं."

(नवरे भांडणात हरतात ते अशाच वाक्यांनी. गप्प बसले असते तर निम्मे तरी सुटले असते.)

माईंनी शेगडी बंद केली. करपल्या दुधाचा वास तोवर ओट्यावरून माजघरात आणि माजघरातून अण्णांच्या शर्टात शिरला होता. माईंनी पातेल्याचा तळ पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि दोन्हींविषयी त्यांचं मत एकच झालं.

"येऊ दे आता दादाला. एकूण एक सांगते."

दादांच्या कानावर तर यातलं काहीच जायला नको होतं.

दादा म्हणजे माईंचा थोरला भाऊ. अंगणात उभी असलेली ती जुनी लाल स्पोर्ट्‌स कार दादांची. माणसं फक्त दोन मावतात, आणि आत बसायचं म्हणजे आधी जवळजवळ जमिनीवर बसावं लागतं. दादांनी ती ऐन तरुणपणी घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'धाकटी'. म्हणजे माईंच्या पाठची. पुढे दादांची नजर गेली, तेव्हा त्यांनी किल्ली अण्णांच्या हातात दिली आणि ढसाढसा रडले. ("माझ्या लग्नात एवढा रडला नव्हता," हे माई अजून ऐकवतात.) तेव्हापासून दर रविवारी दादा येतात, अण्णांच्या शेजारी बसून काच खाली करून एक फेरी मारतात, आणि मग बहिणीच्या हातचं जेवून दिवे लागेपर्यंत तिच्याशी गप्पा मारतात.

मागच्या रविवारी वळणावर दादांनी नाक वर केलं होतं.

"अण्णा, ग्रीस जळतंय."

"छे हो!"

"छे काय? मागच्या चाकाकडच्या सांध्याचा बूट फाटलाय. आतलं ग्रीस उडून सायलेन्सरवर पडतंय. सांधा कोरडा पडला की खलास. गॅरेजला टाका तिला." मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "होत नसेल तुमच्याकडून तर तसं सांगा. माझा एक मित्र कधीचा मागतोय तिला."

अण्णांनी हे घरी सांगितलं. माई एवढंच म्हणाल्या, "धाकटी गेली की तो कशाला येतोय इकडे?" आणि त्या दिवशीची भाजी अळणी झाली.

इथे कोणीही शहाणा माणूस गाडी गॅरेजला टाकता. पण अण्णांनी उभा जन्म कचेरीत इतरांच्या कामावर शेरे मारण्यात घालवलेला. ते म्हणाले, "हात्तिच्या! रबराची पिशवीच तर बदलायची. मीच बसवतो. दोन्ही बाजूंच्या बदलून टाकतो!"

एवढं एक वाक्य बोलले आणि पुढचं सगळं घडलं.

शनिवारी उजवी बाजू काढली. अण्णांनी ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, सोडवून बाहेर घेतला, सांधा उघडला, पुसला, तर त्यातले पोलादी छर्रे फरशीवर सांडले. एक छर्रा घरंगळत मोरीच्या तोंडाशी जाऊन थांबला आणि अण्णांचा श्वासही तिथेच थांबला. छर्रे गोळा केले, ग्रीस भरलं, सांधा ॲक्सलवर ठोकून बसवला, तो निसटू नये म्हणून असते ती कडी खाचेत अडकवली. कपाळावरचा घाम पुसून मागे वळतात तो बूट स्टुलावर! शर्टाची सगळी बटणं लावून झाल्यावर बनियन खुंटीवर दिसावं, तसा.

बूट आधी ओवायचा असतो, मग सांधा.

अण्णांनी सांधा पुन्हा उतरवला. बूट ओवला, सांधा बसवला. मग पाहिलं तर बुटाचं रुंद तोंड भलतीकडे.

"मोजे राहिले वाटतं घालायचे?" माईंनी खिडकीतून विचारलं.

तिसऱ्या खेपेला उजवा बसला. उरला डावा. तो दुकानात वर्षानुवर्षं पडून असा कडक झाला होता की ॲक्सलवर चढेचना. रबर गरम केलं की मऊ होतं, एवढं अण्णांना ठाऊक होतं. रविवार उजाडलेला, दादांची यायची वेळ झालेली. स्वयंपाकघरात एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध. पाण्याला आधण यायला वेळ लागला असता. दूध तर तापलेलंच होतं.

असा तो बूट दुधात गेला.

आरडाओरडा ऐकून शेजारीण कुंपणाशी आली. "माई, काय झालं हो?"

"ह्यांनी दुधात बूट घातला!"

"अगंबाई! कुणाचा?"

"ॲक्सलचा," अण्णा म्हणाले.

"ॲक्सल? कोणी परदेशी पाहुणे आलेत का?"

"नाही हो. घट्ट होत होता, म्हटलं जरा सैल होईल."

"मग एक नंबर मोठा आणायचा! आणि दुसरा कुठाय?"

"दुसरा काल घातला."

"एकच?" शेजारणीने अण्णांच्या पायांकडे पाहिलं. ते अनवाणी होते. मग तिने माईंकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने आजाऱ्याच्या घरच्यांकडे पाहतात. "काही लागलं तर हाक मारा हो," असं म्हणून ती आत गेली आणि तिने दाराला कडी लावली.

"गावभर झालं!" माई कडाडल्या. "संसारात आजवर एक खिळा सरळ ठोकला नाहीत, आणि निघालात धाकटीचा सांधा उघडायला! दादाने तिला फुलासारखी जपली. आज वाटेत बंद पडली ना, तर तो मित्राला देऊन मोकळा होईल. मग माझा रविवार तुम्ही आणून देणार आहात?"

बूट गार होत चालला होता. तो छातीशी धरून ते अंगणात पळाले. सायीने म्हणा की माईंच्या धाकाने म्हणा, बूट ॲक्सलवर सरकन चढला. तोंड बरोबर बाजूला होतं. सांधा बसला, कडी बसली, पट्टे आवळले. ॲक्सल गाडीला जोडून अण्णा खालून बाहेर आले तेव्हा फाटकाशी काठी वाजली. दादा आले होते.

"झाली का दुरुस्ती?"

"झाली ना!" अण्णा म्हणाले. त्यांनी माईंकडे हात जोडले. माईंनी मान फिरवली.

"फिरून या, मग बोलते," त्या म्हणाल्या.

फेरी उत्तम झाली. वळण आलं, चढ आला, पुन्हा वळण आलं. धाकटी तक्रार न करता धावली. दादा काचेबाहेर तोंड करून वारा खात होते. गाडी फाटकात येऊन थांबली. माई कमरेला पदर खोचून पायरीवर उभ्याच होत्या. सकाळपासूनचं सगळं भाषण त्यांच्या ओठांवर तयार होतं.

"माई, ग्रीस जळल्याचा वास गेला बघ," दादा आतूनच म्हणाले. "सांधा लोण्यासारखा फिरतोय. मी उगाच मित्राचं बोललो. राहू दे हिला इथेच. कोणत्या गॅरेजला टाकली होती?"

"मी... म्हणजे, घरीच," अण्णा पुटपुटले.

"घरीच?" दादा हसले. मग एकाएकी थांबले. नाकपुड्या फुगवून त्यांनी एकदा मागे हुंगलं, एकदा शेजारी हुंगलं. "पण अण्णा, करपल्या दुधाचा वास कसला येतोय हो? गाडीत दूध कुठून आलं?"

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

माईंनी तोंड उघडलं. दादांचा हात अजून धाकटीच्या दारावर होता, लहान मुलाच्या पाठीवर असावा तसा. तो हात माईंनी पाहिला. मग खोचलेला पदर सोडला आणि म्हणाल्या,

"गाडी अगदी ठणठणीत आहे रे दादा, तो वास ह्यांचा आहे."