पहिल्या मानाची बाटली

दूध सोसायटीत फॅट मोजायचं नवं मशीन आलं आणि सेक्रेटरी विष्णुपंत अडचणीत आले. आजवर सगळ्यांच्या दुधात पाणी पकडणारा लॅक्टोमीटर बुडायचा, चेअरमन नानासाहेबांचा कॅन मात्र तसाच ओतला जायचा. मानच होता तो. दुष्काळात गावच्या म्हशी आटत आल्या, नानासाहेबांची विहीर आटल्याचं त्यांनीच भर सभेत सांगितलं, पण त्यांचं दूध काही आटलं नव्हतं.

"आज सगळे नमुने व्हायचे नाहीत," मशीन बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला. "जिथं घोटाळ्याची शक्यता जास्त, तो आधी घ्या."

तो नमुना कुणाचा, हे विष्णुपंतांना मशीनवाचून ठाऊक होतं. पण त्यांना नोकरीत कायम करण्याच्या कागदावर आजच नानासाहेबांची सही व्हायची होती. त्यांनी नानासाहेबांच्या नमुन्याची बाटली सगळ्यांच्या मागं सरकवली.

तेवढ्यात नानासाहेब सपत्नीक हजर झाले.

"पंत, आमची बाटली शेवटाला? आमची काय इज्जत हाय का न्हाय? पहिली लावा!"

आता इलाज नव्हता. विष्णुपंतांनी नारळ फोडायच्या गडबडीत नानासाहेबांची बाटली मोरीत रिकामी केली आणि तीत रांगेत उभ्या असलेल्या मालनबाईच्या म्हशीचं दूध भरलं.

मशीन फिरलं. इंजिनिअर आकडा बघून चकित झाला. "नानासाहेब, असं सायीचं दूध जिल्ह्यात पाहिलं नाही!"

टाळ्या पडल्या. विष्णुपंतांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि खिशातला कागद काढला. नानासाहेब मात्र बायकोवर कडाडले, "सुमन, घरात असलं दूध अन् मला रोज पांचट च्या पाजती व्हय?"

सुमनबाईंना हे सहन झालं नाही. "उगं आळ घेऊ नका! तुमचं अन् सोसायटीचं दूध एकच हाय. म्या सोता घागरभर पाणी वतते त्यात!"

विष्णुपंतांनी डोळे मिटले.

"पाणी?" मालनबाई पुढं आली. "आठवडा झाला टँकर न्हाय. तुमी पाणी आणलं कुठनं?"

"आमच्या हिरीचं," सुमनबाई बोलून गेल्या.

दुधाचं कुणी नावच काढलं नाही. कॅन जागच्या जागी राहिले आणि अख्खी सोसायटी घागरी आणायला घराकडं पळाली.

"बाकीचे नमुने?" इंजिनिअरनं विचारलं.

विष्णुपंतांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं. सही उद्याही झाली असती. विहिरीत उद्यापर्यंत काही उरलं नसतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तेही घागर आणायला पळाले.