हरकाम्याच्या साक्षीने

अधीक्षकांच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न ठरले, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम रीतसर रजेचा अर्ज केला. अर्ज अर्थातच हरकाम्याकडे.

हरकाम्या हे मोबाइलमधले गप्पा मारणारे अ‍ॅप. कार्यालयात तो आला तेव्हा बिचारा फक्त पत्रांतले शुद्धलेखन तपासायचा. मग कुणीतरी म्हणाले, एवढा हुशार आहे तर हजेरीही घेऊ द्या. हजेरीपाठोपाठ त्याने रजा घेतली, मग बैठका, मग लिफ्ट, मग चहाचे मशीन. ओसरी दिली आणि त्याने हातपाय पसरले. जुनी सगळी अ‍ॅप त्याच्या पोटात गेली आणि साधी ढेकरही ऐकू आली नाही. लोकांना उलट सोय वाटली. आता कुठे काय बघायचे हे लक्षात ठेवावे लागत नव्हते, आणि हळूहळू काहीच लक्षात ठेवावे लागेना.

हरकाम्याने उत्तर दिले, "मनःपूर्वक अभिनंदन! मात्र त्याच दिवशी सहामाही आढावा बैठक आहे. काय करू?"

अधीक्षकांनी सवयीने शेरा मारला, "योग्य ती कार्यवाही करावी."

हा त्या कार्यालयाचा लाडका शेरा. वर्षानुवर्षे तो प्रत्येक कागदावर पडत आला होता आणि त्याने आजवर इकडची काडी तिकडे झाली नव्हती. पण हरकाम्या नवा होता. त्याने कार्यवाही केली.

संध्याकाळी अधीक्षकांची बायको मोबाइल नाचवत बाहेर आली. "अहो, ही काय पत्रिका? लग्न आणि आढावा बैठक एकत्र? आणि आपली लेक विषय क्रमांक चार? तिच्याआधी छताची गळती आहे!"

"गळती तातडीची आहे गं," अधीक्षक म्हणाले.

"आणि जावई सहा महिने तात्पुरत्या नेमणुकीवर?"

"होईल कायम. मीही झालोच की."

मुलगी मात्र भांडली नाही. ती वडिलांच्या शेजारी येऊन बसली. "बाबा, बैठक होऊ दे, गळती होऊ दे. मी 'हो' म्हणेन तेव्हा तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघायचं. मला दुसरं काही नको."

"अगं, वेडी का काय तू? बघणार म्हणजे बघणारच," अधीक्षक म्हणाले, आणि विसरायला नको म्हणून त्यांनी हरकाम्याला तशी आठवण करून द्यायला सांगितले.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाचे सभागृह खचाखच भरले. एवढी शांतता कुठल्याही लग्नात नसेल, कारण प्रत्येकाची मान खाली होती. फुले कशी वाटली, खुर्ची मऊ आहे का, नवऱ्याला किती तारे द्याल, असे हरकाम्या सगळ्यांना विचारत होता. मोठ्या साहेबांच्या वतीने त्यानेच आशीर्वाद लिहिला, नवदांपत्याच्या वतीने त्यानेच आभार मानले, आणि मग साहेबांच्या वतीने तो गहिवरला. सगळे कसे छान चालले होते.

विषय क्रमांक चार पुकारला गेला. विवाह नोंदणीच्या बाईंनी आधी नवऱ्याला विचारले, तो "हो" म्हणाला. मग नवरीला विचारले. तिने वडिलांकडे पाहिले, मघापासून टोचणारी चप्पल पायाने बाजूला सारली आणि "हो" म्हणाली. नेमक्या त्याच क्षणी अधीक्षकांच्या हातातला मोबाइल थरथरला. "आठवण: मान वर करून मुलीकडे बघा. त्याआधी छताच्या गळतीचा ठराव मंजूर करावा." अधीक्षकांनी मंजूर केला. मग वर पाहिले, तर टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्याही हरकाम्याच वाजवत होता.

"आता दोन साक्षीदार या," बाई म्हणाल्या. अर्धे सभागृह पुढे सरकले. "थांबा. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांनीच या. नवरीने 'हो' म्हणायच्या आधी काय केलं?"

अर्धे सभागृह मागे सरकले. साहेबांनी हळूच मोबाइलला विचारले आणि मोठ्याने वाचले, "नवरी भावुक झाली व तिने डोळ्यांच्या कडा टिपल्या."

"साफ खोटं," बाई म्हणाल्या.

कुणीतरी म्हणाले, फोटो बघा. फोटो बघितले. पण हरकाम्याने ते इतके सुधारले होते की त्यांत साहेबांना भरघोस केस आले होते आणि गळके छत दुरुस्त झाले होते.

तेवढ्यात नवरीची आत्या उठली. तिचा मोबाइल घरी राहिला होता आणि त्यावरून सकाळपासून सगळ्यांनी तिला नावे ठेवली होती. ती तरातरा पुढे गेली आणि बाईंच्या कानात काहीतरी बोलली.

"बरोबर!" बाई म्हणाल्या. "करा सही. आता दुसरा?"

सगळ्यांनी अधीक्षकांकडे पाहिले. आत्या म्हणाली, "सांग की रे दादा! पोर तुझ्याकडेच बघत होती."

"बाबा?" मुलगी म्हणाली.

अधीक्षकांनी तोंड उघडले. "योग्य ती..." एवढेच बाहेर पडले आणि त्यांनी मान खाली घातली. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. मोबाइल थरथरला, "आपल्या वतीने रडू का?"

तेव्हापासून सगळे तसेच खोळंबले आहेत. बाई पेन उघडून बसल्या आहेत, जेवण निवते आहे, मुलगी दाराकडे बघते आहे. नियमाप्रमाणे साक्षीदार नात्यातलाच हवा असे मुळीच नाही. तुम्हीही चालाल. तुम्ही तर पहिल्यापासून सगळे वाचत आला आहात. या, पेन घ्या आणि बाईंना सांगा, 'हो' म्हणायच्या आधी तिने काय केले?

अंहं. वर जाऊन बघायचे नाही. आणि तो खिशातला मोबाइल आधी खाली ठेवा.