लालासाहेबांचं काळं पाणी

गुऱ्हाळावर चुलवणापाशी बसलेल्या लालासाहेबांना मनुबाई "वाईच सरका" म्हणाल्या नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं. तसं त्यात वावगं काही नव्हतं. चिपाडाचा भारा घेऊन गडी येत होता आणि लालासाहेब नेमके त्याच्या वाटेत बसले होते. पण लढाईवरून परत आल्यापासून लालासाहेब जिथं बसत ती जागा हटकून कुणाची तरी वाट निघे. सोप्यात बसावं तर तिथून दुधाची घागर जायची असे. परड्यात बसावं तर तिथं म्हैस बांधायची असे. सहा वर्षं सरकार 'पुढं सरका' म्हणत होतं, आता बायको 'बाजूला सरका' म्हणत होती. (सरकारनं निदान त्याबद्दल बिल्ले तरी दिले होते.)

ते गेले तेव्हा मळ्यात जोंधळा होता आणि मनुबाईंना मोटेचा नाडा कुठला न् सोंदूर कुठला हेही ठाऊक नव्हतं. ते परत आले तेव्हा सगळ्या रानात ऊस उभा होता, विहिरीवर इंजिन धडधडत होतं, आणि मनुबाई बांधावर उभ्या राहून गड्यांना नुसत्या नजरेनं कामाला लावत होत्या. हवालदार होऊन आलेल्या माणसाला हुकूम सोडायला कुणीतरी लागतं. लालासाहेबांनी एके सकाळी गड्यांना रांगेत उभं केलं. गडी उभे राहिले, आणि मग सगळ्यांनी मिळून मनुबाईंकडं बघितलं. "जावा कामाला," त्या म्हणाल्या. गडी गेले. तेव्हापासून लालासाहेबांनी तो नाद सोडला.

तर त्या दिवशी चुलवणापासून ते सरकले, आणि सरकता सरकता त्यांना बेट आठवलं. जपान्यांनी हत्यारं खाली ठेवल्यावर लालासाहेबांच्या पलटणीला बोटीतून अंदमानला नेलं होतं. तिथं त्यांच्या वाट्याला एका मोडक्या धक्क्यावरचा पहारा आला. त्या धक्क्याला ना बोट लागत होती, ना कुणी माणूस तिकडं फिरकत होतं. समोर काचेसारखं हिरवं पाणी, मागं नारळीची झाडं, आणि मध्ये लालासाहेब. दिवसभर ते एका जागी बसत आणि कुणी त्यांना हलवत नसे. साऱ्या लढाईत, किंबहुना साऱ्या आयुष्यात, तेवढंच काय ते सुख त्यांनी पाहिलं होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला.

"मी जरा भाईर जाऊन यीन म्हणतो," ते म्हणाले. "एकटाच. अंदमानला."

यापुढं काय होणार ते त्यांनी मनात बसवून ठेवलं होतं. मनुबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहील, डोळ्याला पदर लागेल, 'आमचं काय चुकलं' असा सवाल येईल. त्या सवालाला द्यायचं उत्तरसुद्धा त्यांनी वैरणीच्या गंजीमागं उभं राहून दोनदा म्हणून बघितलं होतं. मनुबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि विचारलं, "कवा?"

कवा याचा विचार लालासाहेबांनी केलाच नव्हता. संक्रांत झाली की, असं त्यांनी सांगून टाकलं.

"मग गुऱ्हाळ हाय तवरच जावा. गूळ घिऊन गाडी सांगलीला जातीच हाय."

(ढेपांच्या बरोबर आपलीही सोय होते, हे खरोखरच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.)

 तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या आईनं, अंबूबाईनं, लेक कुठं चाललाय म्हणून विचारलं. म्हातारीला कमी ऐकू येई. मनुबाईंनी मोठ्यानं अंदमान म्हणून सांगितलं, ते तिला कळेना. तेव्हा त्यांनी सगळ्यांना कळेल असं सांगितलं, "काळं पानी, काळं पानी."

अंबूबाईनं गळा काढला. लालासाहेबांना आधी बरं वाटलं. घरात एक तरी माणूस आपल्यासाठी रडतंय, असं त्यांना वाटलं. पण म्हातारीनं डोळे पुसले आणि आवाज बारीक करून विचारलं, "कुणाला मारलंस रं लाला?"

कुणालाच नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. नुसतं हिंडायला जातोय, समुद्र बघायला. म्हातारीनं त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "मारलं आसंल तर मारलं म्हण," ती म्हणाली. "पर चोरी केली म्हणू नगंस बाबा. आपल्यात कुणी चोरी केली न्हाई."

म्हातारीचा बारीक आवाजही मोठा आणि भिंती बुटक्या. गुळव्या हरिबा काहिलीतल्या रसात घालायला चुना मागायला दारात आलेला होता. तो चुना न घेताच परत गेला. सकाळपर्यंत लालासाहेबांना काळ्या पाण्याची शिक्षा झाल्याचं सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं.

आता हे साल बेचाळीसनंतरचं, एवढं ध्यानात घ्या. आपल्या भागातली चांगल्या घरची पोरं रानात लपून राहिली होती, कैक जण येरवड्याला जाऊन आले होते, आणि तुरुंग बघून आलेल्या माणसाला चावडीवर घोंगड्याची बैठक मिळत होती. लालासाहेब मात्र त्या दिवसांत सरकारच्या पलटणीत होते. गावानं त्यांना तोंडावर काही म्हटलं नव्हतं, पण घोंगडंही टाकलं नव्हतं. सहा वर्षं कुठं होतास, काय सोसलंस, हेही एकानं विचारलं नव्हतं.

त्या सकाळी ते पारापाशी आले तर बसलेली माणसं उठून उभी राहिली. गुऱ्हाळावर हरिबानं काहिलीतल्या ताज्या काकवीचा वाडगा पहिला त्यांच्या हातात दिला. मनुबाईंच्या आधी. लालासाहेबांनी सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पोटतिडकीनं सांगितलं, की गड्यांनो, मी हिंडायला चाललोय. ऐकणारे एकमेकांकडं बघून मान हलवत. "व्हय व्हय, हिंडायला," असं म्हणून डोळा बारीक करत. जितकं नाकारावं तितका माणूस मोठा, असा तेव्हा रिवाजच पडला होता. शेवटी लालासाहेबांनी नाकारणं थांबवलं. मग हळूहळू, कुणी विचारलं तर, ते नुसते दूर डोंगराकडं बघू लागले.

त्या बघण्यातून गावानं काय काय काढलं! कुणी म्हणे त्यांनी गोऱ्या कप्तानाला बोटीवरून ढकललं. कुणी म्हणे पलटणीच्या बंदुका पळवून भूमिगतांना पोचवल्या. गावचे पाटील आप्पासो यांनी देवळापुढं निरोपाची सभा भरवली, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि भाषण केलं. आपल्या गावचा वाघ पिंजऱ्यात चाललाय, पण मान खाली घालून चालला नाही, असं आप्पासो म्हणाले. त्या वेळी लालासाहेबांची मान खाली होती, ती त्यांनी झटकन वर केली. हाराच्या वासानं त्यांना गहिवरून आलं. लढाईतून जिवंत परत आले तेव्हा स्टेशनावर त्यांना आणायला बैलगाडीसुद्धा गेली नव्हती.

हार घेऊन ते घरी आले. मनुबाई वळकटी बांधत होत्या. त्यांनी हाराकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं, आणि हातातली दोरी खाली ठेवली. सोप्यात दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं, जे लालासाहेबांनी लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच काय ते बघितलं असेल.

"खरंच काय केलंसा का वं तुमी?" मनुबाईंनी हळू आवाजात विचारलं.

लालासाहेबांनी एक 'व्हय' म्हटलं असतं तर काम झालं असतं. साऱ्या गावाला फसवत होते, त्यात आणखी एक. पण तेवढ्या एका माणसाशी त्यांना खोटं बोलता आलं नाही. कप्तानाला आपण रोज सकाळी दाढीचं गरम पाणी नेऊन देत होतो, आणि त्याच्या बायकोला पोरगं झालं तेव्हा त्यानं आपल्याला बिस्किटाचा डबा दिला होता, एवढं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

"मला वाटलंच," मनुबाई म्हणाल्या आणि दोरी उचलून वळकटीची गाठ मारू लागल्या. त्यांना राग आला नव्हता. बसलेला बैल उठणार नाही हे कळल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतं, तसला तो आवाज होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून एक जमादार सायकल दामटत आला. अमक्या गावात काळ्या पाण्याचा कैदी मोकळा हिंडतोय आणि त्याच्या सभा भरताहेत, अशी वर्दी कुणीतरी नेली होती. चावडीवर गाव गोळा झालं. जमादारानं लालासाहेबांना उभं करून नाव, पलटण, सगळं विचारून घेतलं. मग कपाळाचा घाम पुसून गावाला सांगितलं, की या माणसावर खून नाही, चोरी नाही, कुणाच्या रानात जनावर घातल्याचीसुद्धा तक्रार नाही. आणि काळ्या पाण्याची शिक्षा तर सरकारनं बंदच करून टाकलीय. अशा माणसासाठी आपल्याला भर उन्हात सायकल मारायला लावली, याचं त्याला फार वाईट वाटलं होतं.

 आप्पासोंनी लालासाहेबांकडं असं बघितलं, की कप्तानाला ढकललं नाही हाच आता मोठा गुन्हा ठरला. हरिबा जाता जाता म्हणाला, काकवी बी ग्वाड लागली आसंल.

आता गावात राहणं कठीण होतं. आणि घरात राहायला जागा नव्हती. त्यांच्या खोलीत मनुबाईंनी ढेपा रचल्या होत्या. लालासाहेब गुळाच्या गाडीत बसले. मनुबाईंनी धपाटी बांधून दिली आणि बैलांना चढावर मारू नका म्हणून गाडीवानाला बजावलं. अंबूबाई तेवढी वेशीपर्यंत आली. तिचा जमादारावर विश्वास नव्हता.

सांगलीत पलटणीतला जुना दोस्त बाळासो एका अडत दुकानात दिवाणजी होता. गुळाचा आणि हळदीचा तिथला सगळा व्यवहार त्याच्या हातून जाई. मिरजेहून मद्रासची गाडी, मद्रासहून बोट, हे सगळं त्यानंच जुळवून द्यायचं पत्रानं कबूल केलं होतं. लालासाहेब वळकटी घेऊन हजर झाले तेव्हा त्यानं त्यांना पेढीवर बसवलं, चहा पाजला, आणि चौकशीत काय कळलं ते सांगितलं. त्या बोटीत दोनच तऱ्हेच्या माणसांना जागा मिळते. सरकारी कामाला निघालेली आणि सुटलेल्या कैद्यांच्या गोतावळ्यातली.

"तू सरकारी हाईस का?" बाळासोनं विचारलं.

"आता न्हाई."

"घरातलं कोण कैदी?"

लालासाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग गड्या, त्या बोटीत तुजं काय काम?"

गाव सोडून एवढ्या थाटानं निघालेला माणूस तसाच परत कसा जाणार? बाळासोच्या ओळखीनं त्यांना हरिपूरच्या बाजूला हळदीच्या पेवांवर राखण मिळाली. जमिनीत खोल खणलेली ती पेवं, त्यांच्या तोंडाशी पोत्यांच्या थप्प्या, आणि बाजल्यावर लालासाहेब. नदीकडनं वारा येई. त्यांनी डोळे मिटून समुद्र आठवायचा प्रयत्न केला, पण हळदीचा धुरळा नाकात जाऊन शिंका येत. थोड्याच दिवसांत त्यांचे हात, मिशा आणि कानाच्या पाळ्या पिवळ्याधमक झाल्या. घासून जाईनात.

फाल्गुनात शेवटचा गूळ घेऊन मनुबाई स्वतः सांगलीला आल्या. गुळाच्या हिशेबाची पट्टी घ्यायला दुकानात शिरल्या तर पोती मोजून घ्यायला लालासाहेब तिथंच आलेले. मनुबाईंनी पदर सावरला आणि त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दुसरं लगीन लावलंसा काय?"

लालासाहेबांनी सगळं सांगितलं. बोट, सरकारी माणसं, पेवं. सांगता सांगता त्यांना हलकं वाटू लागलं. मग म्हणाले, की आता झालं ते झालं, आज याच गाडीतनं मी घरी येतो.

मनुबाई पोत्यावर टेकल्या. त्यांना बोलायला अवघड जात होतं. ते गेल्यापासून गावात काय झालं ते त्यांनी सांगितलं. अंबूबाईनं पाणवठ्यावर सगळ्यांना सुनावलं होतं, की सरकार कबूल करील व्हय? जमादार आला आणि दुसऱ्याच दिवशी माझा लेक गेला, ह्यातच काय ते समजा. दिवस गेले, लालासाहेबांचा पत्ता नाही, तेव्हा गावालाही ते पटलं. आप्पासोंनी जमादाराला शिव्या देऊन पुन्हा एक सभा घेतली. लालासाहेबांचा वर्दीतला फोटो तालमीत लावलाय, मारुतीच्या शेजारी. हरिबा रोज त्याच्या पाया पडतो.

"मला बी आता बाया रांगंत पुढं जाऊ देत्यात," मनुबाई म्हणाल्या. "सगळी लय चांगलं बोलत्यात तुमच्याबद्दल."

"आणि मी आलो तर?"

 मनुबाईंनी उलट विचारलं, "किती वर्सांची आसती वं ती शिक्षा?"

"चौदा."

"चौदा लय व्हत्यात," मनुबाई म्हणाल्या. त्यांनी खरंच विचार केला, निदान कपाळाला आठी तरी घातली. "दिवाळीला बघू. तवर नीट वागा. नीट वागलं की सरकार लवकर सोडतंय म्हणं."

लालासाहेबांनी मान डोलावली, आणि त्यांच्या देखत एक भरलेलं पोतं डोक्यावर उचलून थप्पीकडं चालू लागले. गाडी वळताना मनुबाईंनी मागं बघितलं की नाही, ते मात्र त्यांना कळलं नाही. पोत्याखाली मान वळत नव्हती.