टोबिनची पारख

वेंडेल ऑर्कट मैदानाच्या फाटकातून आत आला न आला तोच एका जाडजूड माणसाने त्याचं मनगट धरलं.

"आलास बाबा एकदाचा! चल, पहिल्या बेसपाशी उभा राहा. सामना सुरू करायचाय."

"अहो, पण मी..."

तेवढ्यात त्या माणसाचा फोन वाजला. तो व्हर्लिन, आजचा मुख्य पंच. फोनवर त्याचा जोडीदार होता. गाडीला हरीण आडवं आलं म्हणे. हरीण उठून पळून गेलं, गाडी मात्र जागची हलेना. व्हर्लिनने फोन खिशात टाकला आणि वेंडेलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग तू कोण रे?"

विचारणाऱ्याची काही चूक नव्हती. गाडी चालवता चालवता वेंडेलने पेलाभर कॉफी अंगावर ओतून घेतली होती आणि पेट्रोल पंपावर मिळाला तो एकुलता एक गडद निळा शर्ट चढवला होता. खाली राखाडी पँट. हुबेहूब पंचाचा वेश!

वेंडेल होता पारखी. एका बड्या व्यावसायिक बेसबॉल संघासाठी कॉलेजा-कॉलेजांतून पोरं हेरत हिंडायचं, हा त्याचा धंदा. आज तो नेब्रास्कातल्या या आडगावी आला होता टोबिन कुबिचेकसाठी. टोबिन दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळायचा. ऑफिसने "पोरगं बुटकं आहे" म्हणून त्याचं नाव कधीच खोडलं होतं. वेंडेलने फारच गळ घातली तेव्हा हार्लनसाहेब म्हणाला होता, "जा, डोळे भरून बघून ये. पण या वर्षी तुझं एकच नाव ऐकीन." टोबिनचं हे शेवटचं वर्ष आणि हा शेवटचा सामना. आज जमलं नाही, तर पोरगा उद्यापासून मामाच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायला बसणार होता.

"दोन पंच नसतील तर सामना रद्द, असा नियम आहे," व्हर्लिन हताशपणे म्हणाला. "पंचगिरी येते का तुला?"

आपण कोण आणि कोणाला बघायला आलोय हे पारख्याने कोणालाही कळू द्यायचं नसतं. आणि सामनाच रद्द झाला तर बघणार काय, कपाळ? "शाळेतल्या पोरांच्या सामन्यांत केलीय," वेंडेल म्हणाला.

"देव भलं करो तुझं!" असं म्हणत व्हर्लिनने त्याला जवळजवळ ढकलतच मैदानात नेलं.

पहिल्या बेसपाशी उभं राहिल्यावर वेंडेलचं लक्ष प्रेक्षकांकडे गेलं. फलंदाजाच्या मागे, अगदी मोक्याच्या जागी, काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ हातात पेन घेऊन बसला होता. शेजारच्या बाईने एका हाताने त्याच्या डोक्यावर छत्री धरलेली. दुसऱ्या हाताने ती त्याला कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, भरवत होती. हो, भरवतच होती म्हणायचं, कारण एक संपायच्या आत दुसरा हातात.

"तो कोण?" वेंडेलने हळूच विचारलं.

"कोणाला सांगू नकोस," व्हर्लिन कुजबुजला, "कुठल्या तरी मोठ्या संघाचा पारखी आहे. कोचने सकाळीच सगळ्यांना बजावलंय, पाहुणा ओळख देणार नाही, पण त्याचं हवं नको बघा. ती बाई म्हणजे टोबिनची आई, मार्लीन."

म्हणजे दुसऱ्या संघानेही माणूस पाठवला! वेंडेलच्या पोटात खड्डा पडला. तसा तो आधीच पडलेला होता, कारण सकाळपासून पोटात काहीच नव्हतं.

टोबिन फलंदाजीला आला, चेंडू टोलवला आणि पहिल्या बेसकडे सुसाट सुटला. वेंडेलच्या हाताने सवयीने खिशातलं धाव मोजायचं घड्याळ काढून दाबलंसुद्धा. चेंडू आधी पोचला, म्हणून त्याने मुकाट्याने हात वर केला. "आऊट!"

"अरे ए निळ्या!" मार्लीन छत्री सोडून उठली. "डोळे आहेत की बटणं?"

पाहुण्या संघाचा कोचही धावत आला. "हा पंच घड्याळ लावून काय करतोय? अंडी उकडतोय का?"

व्हर्लिनने घड्याळ काढून घेतलं आणि दटावलं, "हे बघ, तू बेसवरचा पंच. चेंडू फेकला की फेकणाऱ्याकडे बघायचंच नाही. नजर धावणाऱ्याच्या पायावर आणि कान ग्लोव्हच्या आवाजावर. काय?"

झालं! ज्या पोराला डोळे भरून बघायला तो इतक्या लांब आला, त्याच्याकडेच नेमक्या वेळी पाठ फिरवायची. टोबिन चेंडू उचलायचा आणि वेंडेलला मान वळवायला लागायची. हात कसे चालतात, पाय कसे पडतात, काही म्हणता काही दिसेना. कानावर पडायचा तो फक्त आवाज. चटक्! पुन्हा चटक्! नेमका तसाच, तिथेच.

"एक विचारू?" न राहवून वेंडेल पहिल्या बेसवरच्या ब्रॉकला म्हणाला. ब्रॉक म्हणजे गोदामाएवढा पोरगा. "तू जागचा हलत कसा नाहीस?"

"हलू कशाला, सर?" ब्रॉक हसला. "मी नुसता ग्लोव्ह उघडून धरतो, टोबी त्यात चेंडू आणून ठेवतो. त्याच्या जिवावर चार वर्षं खेळलो मी. त्याचे उपकार कसे फेडायचे, तेच कळत नाही."

शेवटच्या डावात धावा बरोबरीत. पाहुण्या संघाचे दोन गडी बाद, एक गडी तिसऱ्या बेसवर टपून बसलेला. फलंदाजाने चेंडू टोबिनच्या उजवीकडे पार लांब हाणला. अख्खं गाव "आऽऽ" करून ओरडलं, म्हणजे पोराने काहीतरी अचाट केलं असणार. वेंडेल मात्र पायाकडे बघत होता. आऊट म्हटलं तर तिसरा गडी बाद, धाव रद्द, गाव खूश, पोरगा हीरो. पण आधी पायाचा आवाज आला आणि मग ग्लोव्हचा.

"सेफ!" त्याने हात पसरले. तिसऱ्या बेसवरचा गडी शेवटच्या, 'होम' बेसवर पोचला, ती एक धाव गावाच्या संघाला मग फेडता आली नाही आणि सामना गेला.

"हाताला धरून घरी पोचवा रे याला!" मार्लीन किंचाळली. "आंधळा आहे मेला!"

टोबिन धुळीने माखलेला, सरळ वेंडेलपाशी आला. आता हाही शिव्या घालणार म्हणून वेंडेलने खांदे आवळले.

"सर, कितीने हुकलं?"

"अर्ध्या पावलाने."

"अर्ध्या," टोबिन स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे मी एक पाऊल उजवीकडे उभं राहायला हवं होतं." आणि मान हलवत निघून गेला.

वेंडेल गाडीपाशी पोचतो तो काय, मार्लीनने आपला ट्रक त्याच्या गाडीमागे आडवा लावून ठेवलेला. "बोलल्याशिवाय जाऊ देणार नाही! माझ्या पोराचा शेवटचा सामना होता, कळतं का तुला?"

तेवढ्यात टोबिनचा कोच स्ट्राउड धापा टाकत आला. "मार्लीन, थांब! तो... तो काळ्या चष्म्यावाला पारखी नाही! टोबिन कसा वाटला विचारलं, तर म्हणतो, कोण टोबिन? विमा कंपनीचा माणूस आहे तो. गारांनी इथल्या शेडच्या पत्र्याला किती पोचे पडलेत ते मोजायला आलाय!"

"मग खरा कुठाय?" मार्लीन म्हणाली. कोचला मघाचं ते घड्याळ आठवलं आणि त्याने वेंडेलकडे बघितलं. मार्लीनने कोचकडे बघितलं, मग वेंडेलकडे, आणि ती मटकन ट्रकच्या पायरीवर बसली.

वेंडेलने तिथेच हार्लनसाहेबाला फोन लावला.

"धावतो कसा?" साहेबाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मोजता आलं नाही. घड्याळ काढून घेतलं."

"हात कसे आहेत?"

"पाहिले नाहीत."

"मग दिवसभर केलंस काय?"

"शिव्या खाल्ल्या आणि कान दिला. हार्लन, या पोराची प्रत्येक फेक एकाच जागी वाजते. आणि हरल्यावर त्याने मला सेफ का दिलं असं विचारलं नाही. किती कमी पडलो, ते विचारलं."

"उंची?"

"तिकडे माझं लक्षच गेलं नाही."

मार्लीनने कोचचा हात घट्ट धरला.

"घे त्याचं नाव," साहेब म्हणाला.

मार्लीन हुंदका देऊन उठली, टोबिनला हाक मारली, त्याला गदागदा हलवून बातमी सांगितली आणि ट्रकमधून शेवटच्या चार कोलाच्यांचं ताट काढलं. "घ्या हो साहेब, माझ्या जिभेला हाड नाही, तुमचे उपकार..." वेंडेलच्या तोंडाला पाणी सुटलं.

तोच मागून तो काळ्या चष्म्यावाला आला. चष्मा हातात, डोळे ओले. "मी गॉर्डन प्रुइट. निघतो आता. वीस वर्षं हे काम करतोय, लोक माझ्यावर कुत्री सोडतात. आज तुम्ही डोक्यावर छत्री धरलीत. का धरलीत, ते मला माहीत नाही. पण बायकोला सांगितलं तर तिला खरंसुद्धा वाटणार नाही. देव तुमचं भलं करो."

कोच बुटांकडे बघायला लागला. मार्लीन ताट घेऊन दोघांच्या मधे तशीच उभी. टोबिनने एकदा वेंडेलकडे बघितलं, आईच्या हातातलं ताट घेतलं आणि प्रुइटच्या हातात दिलं.

"काकूंसाठी न्या. म्हणजे खरं वाटेल त्यांना."

वेंडेलच्या पोटात कावळे ओरडत होते. पण दिवसभरात पहिल्यांदाच त्याला तो मुलगा मान न वळवता, समोरून, नीट बघायला मिळाला होता.