गयाचा कण

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं धुणं म्हणजे शेजारच्या गॅरेजवाल्या हनीफभाईच्या मेहुण्याचं डोकं.

तो बिचारा जालन्याहून बहिणीला भेटायला आला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि डोक्याला चमेलीचं तेल, ते पार कानामागनं ओघळत होतं. आमच्या अंगणात मच्छरदाणीचं खोपटं दिसलं, आत आपल्या दाजीच्या गाडीचं बोनट टांगलेलं दिसलं, म्हणून सहज डोकावला. माझी बायको गया ओरडली, "अगं बया, तेल! धरा त्याला!" मी धरला. तिनं भांड्याच्या साबणानं त्याचं डोकं घासलं, मी वरून तांब्यानं पाणी ओतलं. मेहुणा म्हणत होता, "चाची, मी बाहेर थांबतो ना!" ती म्हणाली, "बाहेर थांबलास तरी वास आत येतो. वाकव मान."

पत्र्याला तेलाचा हात जरी लागला तरी वरचा रंग तिथं धरत नाही, गोल गोल भोकं पडतात. आम्ही त्याला डोळे पडले म्हणतो. ही माहिती गयाला मीच दिली होती आणि ती सगळ्या गल्लीला भोगावी लागली.

मग मेहुणा टॉवेल गुंडाळून गेला. आम्ही बोनटला प्रायमर मारला, ओट्यावर बसून चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता गया भिंतीला टेकली, ती टेकलीच. डॉक्टर म्हणाला हृदय. मला त्यातलं कळत नाही. अर्धी जुडी निवडायची राहिली होती एवढं मला कळतं.

मी फार शिकलेला नाही. बोलतो तसं लिहितो. गोड लिहिता येत नाही आणि गयालाही ते चाललं नसतं.

वाळूजच्या एका कारखान्यात मी पेंट शॉपला होतो. हातात रंगाची गन आणि समोर गाड्यांची दारं, बोनटं, डिक्क्या. घरी आलो की जेवताना मी तिच्यापुढं कुरकुर करायचो. आज ओल्या रंगावर धुळीचा कण बसला, दार परत आलं. आज कुणीतरी लोकरीचं स्वेटर घालून आला, सगळा माल परत. ती भाकरी थापत ऐकायची. मला वाटायचं, हिचं ध्यान नाही. पुढं कारखान्यात यंत्राचे हात आले आणि माझे दोन्ही घरी आले.

घरी आल्यावर मी झोपलो. साधा नाही झोपलो. सकाळी पोहे झाले तरी झोपलेला, दुपार झाली तरी मच्छरदाणीत तोंड भिंतीकडं. आमची एकच पोरगी, चितेगावला दिलेली. तिनं येऊन समजावलं. मी ऐकलं आणि कूस बदलली.

गयानं समजावलं नाही. एका सकाळी मी आत झोपलेला असतानाच तिनं मच्छरदाणीच्या चारी दोऱ्या सोडल्या आणि जाळी गोळा करून अंगणात नेली. मी म्हणालो, "मच्छर चावतील की." ती म्हणाली, "चावू द्या. जित्या माणसालाच चावतात."

बाहेर येऊन बघतो तर पत्र्याच्या शेडखाली जाळी टांगलेली, तिच्याबाहेर प्लास्टिकचा कागद, एका बाजूला आमचा जुना कूलर ओल्या गवतासकट, दुसऱ्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा. खाली भिजवलेली गोणपाटं. मधोमध हनीफभाईच्या गॅरेजातनं आणलेला एका स्कूटरचा मडगार्ड. गया कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कारखाना लावलाय. गनवाला पाहिजे. येता का?"

म्हणजे इतकी वर्षं ती ऐकत होती.

मी गनवाला आणि ती मालकीण. कारखान्यातला साहेब परवडला असता. रंग मारायच्या आदल्या दिवशी ती तिचं जुनं हिरवं लुगडं धुवून दोरीवर टाकायची. पत्रा शेवटचा पुसायला ते लागायचं. दोरीवर हिरवं लुगडं दिसलं की मुकुंदवाडीतली आमची गल्ली समजायची, उद्या झाडू मारायचा नाही. गाद्या झटकायच्या नाहीत. डोक्याला तेल लावून अंगणावरनं जायचं नाही. एकदा एकीनं विसरून सतरंजी झटकली तर गया शिडीवर चढून तिला म्हणाली, "तुझी सतरंजी माझ्या डिक्कीवर बसली. ये, उचलून ने." स्टेशनात गाडी आली की रुळाकडनं धूळ यायची. तेव्हा ती मला हातानं थांबवायची आणि गाडी जाईपर्यंत रेल्वेकडं डोळे वटारून बघायची. रेल्वेला साबण लावता येत नव्हता म्हणून ती सुटली.

रंगांची नावं तिची तिनं ठेवली होती. राखाडीला राखुंडी, पिवळसर पांढऱ्याला कढी, काळ्याला तवा. रंगाच्या दुकानात उभी राहून सांगायची, "कढी लई पातळ झाली, बेसन घाल." दुकानदार पहिल्यांदा हसला, मग शिकला.

हनीफभाईची स्वतःची जुनी मारुती रंगवायला आली तेव्हा तो म्हणाला, "भाभी, सफेद मारा. साधा सफेद."

"वांगी मारणार."

"वांगी म्हंजे?"

"वांगी म्हंजे वांगं. काटेरी, ताजं, नुसतं पुसून ठेवलेलं."

"भाभी, गाडी आहे, भाजी नाय!"

"मग देठ काढून मारते," गया म्हणाली. आणि मारली. दारं झाली, डिक्की झाली, छत झालं. जो तो वळून बघायचा. हनीफभाई नंतर असा ऐटीत चालवायचा की जणू रंग त्यानंच सुचवला होता. बोनट तेवढं राहिलं होतं.

आता तिचं खरं वेड सांगतो. एवढा सगळा बंदोबस्त करून, एवढी माणसं धुवून, दर कामावर एक कण बसायचाच. संध्याकाळी मी गन धुवायला नळावर जायचो, ती बॅटरी घेऊन आत तपासायला जायची. तेव्हा काही बोलायची नाही. सकाळी मात्र मी डोळे उघडायच्या आत बाहेरनं हाक यायची, "बसला बघा!"

मी धडपडत उठायचो. बघतो तर खरंच, आरशासारख्या पत्र्यात एक हिरवट धागा. मग काचपेपर पाण्यात भिजवा, तेवढी जागा हळूहळू घासा, पॉलिश लावा, चमकवा. ती शेजारी स्टुलावर बसून चहा ओतायची आणि म्हणायची, "इकडनं घासा. दमानं. घाई कुठं जायचीय?"

मी वैतागायचो. म्हणायचो, "हे तुझं लुगडं सुटतंय. फेक ते." ती म्हणायची, "लुगड्याला नाव ठेवू नका, माझ्या आईचं आहे." नशीब एवढंच की तो कण कधी कडेला बसला नाही, कधी वळणावर बसला नाही. कायम सपाटीवर, पेपर नीट फिरेल अशा जागी. कारखान्यात कधी इतका समजूतदार कण मी बघितला नव्हता.

ती गेल्यावर सगळं रीतीनं झालं. पोरगी राहिली, मग तिच्या घरी गेली. मी परत झोपलो. तोंड भिंतीकडं. मच्छर चावायचे, कारण जाळी अंगणात बोनटवर होती आणि ती काढायची माझी छाती नव्हती.

हनीफभाईनं बोनट मागितलं नाही. पण गाडी त्याला रोज लागायची, तेव्हा तो ती तशीच चालवायचा. वांगी रंगाची झगझगीत गाडी आणि पुढं बोनटच नाही, इंजिन उघडं. सिग्नलला लोक हसायचे. कुणी म्हणालं, दुसऱ्याकडनं बसवून घे. तो म्हणाला, "बोनट भाभीचं आहे. बसलं तर तेच बसंल."

एके दिवशी त्याची बायको शमीमभाभी चहा घेऊन आली. चहा ठेवला आणि उभीच राहिली.

"दादा, किती दिवस पडून राहणार?"

मी कूस बदलली.

"पोरं म्हणतात, हनीफचाचाच्या गाडीचं पोट फाटलंय. तुम्हाला बरं वाटतं का? गयाबाईनं काय हेच्यासाठी माझ्या भावाचं डोकं घासलं व्हय? तो अजून चमेलीला हात लावत नाय!"

मला हसू आलं. मग रडू आलं. मग मी उठलो, कारण दोन्ही एकदम झोपून जमत नाही.

पेटीतनं हिरवं लुगडं काढलं, नळावर धुतलं आणि दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाहेर आलो तर गल्लीत एक झाडू हलत नव्हता. दोऱ्यांवरचे कपडे काढून नेलेले. कोपऱ्यावरच्या आजी दारात बसल्या होत्या, डोक्यावरचे पांढरे केस कोरडे, फुलारलेले. मला बघून म्हणाल्या, "तेल नाय लावलं हां." गच्चीत शमीमभाभी उभी होती, गयासारखीच कमरेवर हात ठेवून. कुणी एक जण फटफटी घेऊन गल्लीत शिरायला लागला तर ती वरनं गरजली, "ए, ढकलत ने! धूळ उडवतो का रे, दिसत नाय लुगडं?"

मी मास्क लावला. लुगड्यानं बोनट पुसलं. स्टेशनात गाडी आली, ती जाईपर्यंत माझा मीच हात आवरून उभा राहिलो आणि रेल्वेकडं डोळे वटारून बघितलं. मग गन उचलली. तिनं बनवून ठेवलेल्या डब्यातला वांगी रंग मारला, तो सुकला, वर चमक मारली. डावीकडनं उजवीकडं, एका चालीत, श्वास रोखून.

जाळी वर केली तेव्हा सगळी गल्ली आली होती. कुणी हात लावला नाही, हात मागं बांधून, वाकून वाकून बघत होते. शेडचा पत्रा त्यात दिसत होता, आभाळ दिसत होतं, हनीफभाईचं तोंड दिसत होतं आणि तो स्वतःच्याच तोंडाकडं बघून म्हणाला, "या अल्ला, भाभी, काय वांगं आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्यात इतकी दारं मारली, टाळी कुणी वाजवली नव्हती.

लोक पांगले. मी बॅटरी घेऊन तपासायला बसलो. वरनं बघितलं, आडवं बघितलं, पत्र्याला नाक लावून बघितलं. कण नव्हता. या शेडखाली पहिल्यांदा, एकसुद्धा नाही.

"शमीमभाभी," मी हाक मारली, "कण नाही ओ यात."

ती गच्चीतनं खाली आली. "दादा, तुम्हाला खरंच मालूम नाय?"

"काय?"

"तुम्ही गन धुवायला नळावर जायचे ना, तवा ती आत जायची. लुगड्याचा एक धागा काढायची आणि ओल्या रंगावर सोडायची. मला गच्चीतनं प्लास्टिकमधनं दिसायचं. पहिल्यांदा मी वरडणारच होते. ती तोंडावर बोट ठेवून म्हणाली, गप बस शमीम. आज काम पुरं झालं तर उद्या हा माणूस उठायचा नाय."

मला पहिल्यांदा रागच आला. किती पेपर झिजवले मी! किती वेळा त्या लुगड्याला शिव्या दिल्या! साऱ्या गल्लीला धुळीसाठी धारेवर धरणारी ही बाई, आणि धूळ टाकणारी हीच.

शमीमभाभी डोळे पुसत गेली. मी परत त्या बोनटसमोर आलो. इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं. वरची चमक अजून ओली होती.

मग लुगड्याच्या काठाशी एक धागा सुटला होता तो ओढला. सपाट, सोपी जागा बघितली आणि सोडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जाग आली. तोंड धुतलं, चहा केला, साखर जास्त पडली, तसाच प्यालो. अंगणात जाऊन जाळी वर केली, बोनटवर वाकलो आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "बसला बघा!"

गच्चीतनं शमीमभाभीचा आवाज आला, "किधर?"

"इथं, सपाटीवर," मी म्हणालो आणि पेपर पाण्यात भिजवला.