थोरल्या मामाचे चार प्लग

प्राचीच्या लग्नाला नऊ दिवस उरले असताना शैलेशची गाडी विचुंब्याच्या सोसायटीच्या गेटातच आचके द्यायला लागली. आधी एक आचका, मग दोन, मग बॉनेटखालून असा आवाज की वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. शैलेशने त्याच्याकडे न बघता गाडी तशीच रखडत गणू मेकॅनिककडे नेली.

गणूने चारही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. चारांचीही तोंडं काळी पडली होती आणि टोकं झिजून गेली होती.

"मिसिंग मारतंय, शेठ. ह्ये तुमी कवा बदलले व्हते?"

"हे बदलायचे असतात?" शैलेशने विचारलं.

गणूने हात पुसले. "चारी नवे घाला. आनि जरा चांगले घाला. मंग गाडी बघा कशी पलते."

गाडी पळणं शैलेशच्या दृष्टीने आता जीवनमरणाची गोष्ट होती. त्यांच्या घरात नवरीला मांडवात आणायचा मान थोरल्या मामाचा, आणि तिला त्याने स्वतःच्या गाडीतून आणायची रीत. शैलेश थोरला मामा. बहीण दमयंतीला मुली दोनच. थोरल्या किशोरीच्या लग्नात हीच गाडी पळस्पे फाट्यावर बंद पडली आणि किशोरी शालू सावरत डेकोरेटरच्या टेम्पोतून, खुर्च्यांच्या चळतीला टेकून हॉलवर पोचली. त्याला चार वर्षं झाली, पण बारशाला असो की बाराव्याला, कुणीतरी तो टेम्पो काढायचंच. आता धाकटी प्राची. यानंतर मान राखायला भाची उरत नव्हती.

शिवाय कोन गावात राहणारा धाकटा भाऊ मिथुन होता. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा शैलेशने घाईने विकून टाकला होता. मिथुन आळशी म्हणून विकायचा राहिला आणि पुढे रस्ता आल्यावर त्याची चांदी झाली. आता त्याच्याकडे एक पांढरी, शैलेशच्या बेडरूमएवढी गाडी होती. 'गरज लागली तर माझी गाडी हायेच,' असं त्याने घरच्या ग्रुपवर टाकलं. शैलेशने ते वाक्य दिवसभरात पाच-सहा वेळा वाचलं आणि दर वेळी त्याला ते जास्तच झोंबलं.

कुणीही शहाणा माणूस गणूने सांगितलेले प्लग घेऊन मोकळा झाला असता. पण शैलेशची बावीस वर्षं एका कचेरीच्या खरेदी विभागात गेली होती. टाचणीचा डबा घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा, सगळ्यात खालचा दर मंजूर करायचा. घरातला मिक्सर, मुलाचा क्लास, स्वतःच्या दाढेचं ऑपरेशन, सगळं त्याने असंच उरकलं होतं. ती दाढ अजून ठणकते.

त्याने जुन्या पनवेलच्या एका दुकानातून दर घेतला, नवीन पनवेलच्या दुसऱ्यातून घेतला आणि तिसरा मोबाइलवरून. रेघा मारलेल्या कागदावर तक्ता केला. साधे, प्लॅटिनम आणि इरिडियम असे तीन रकाने. इरिडियमचा दर साध्याच्या चौपट निघाला, तेव्हा त्याने तो रकाना दोन रेघांनी खोडून टाकला.

"अहो, लग्न प्राचीचं आहे," बायको समृद्धी भाजी निवडता निवडता म्हणाली. "झेरॉक्स मशीनचं नाही. चांगले घ्या आणि मोकळे व्हा."

"महाग म्हणजे चांगलं असं कुठे लिहिलंय?"

"मग स्वस्त म्हणजे चांगलं असं लिहिलंय का?"

मोबाइलवरचे सगळ्यात स्वस्त प्लग तिसऱ्या दिवशी आले. डब्यावर विमानाचं चित्र होतं. गणूने एक प्लग जुन्याशेजारी उभा धरला आणि बोटाने दाखवला. नव्याचे आटे जुन्यापेक्षा बोटाच्या पेराइतके लांब होते.

"ह्यो बसवला तं आत पिस्टनला धडकंल. मंग प्लगच नाय, इंजिनच नवा आना."

ते परत करण्यात दोन दिवस गेले. मग नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाचा दर, म्हणजे जुन्या पनवेलचं दुकान. तिथे बरोबर मापाचे दोनच शिल्लक होते. उरलेले दोन त्याने तिसऱ्या क्रमांकाकडून, वेगळ्या कंपनीचे घेतले आणि तक्त्याखाली तशी टीप लिहिली. गणू नको नको म्हणत होता, पण गिऱ्हाइकाशी किती वाद घालणार? त्याने ते बसवले आणि हात जोडले.

त्या संध्याकाळी शैलेश समृद्धीला घेऊन चाचणीसाठी निघाला. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालली. नवीन पनवेलच्या पुलाच्या चढावर दोन प्लगांनी एक म्हटलं, उरलेल्या दोघांनी दुसरं, आणि गाडी मधोमध थांबली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. समृद्धीने पर्स उचलली, शांतपणे दार उघडलं, समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला आणि बसून निघून गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

पुलावर उभ्या उभ्या शैलेशला रडू यायचं तेवढं राहिलं. आपण आयुष्यात एकही गोष्ट चांगली म्हणून घेतली नाही, सगळ्या स्वस्त म्हणून घेतल्या, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने कोटेशन न मागवता, दर न विचारता चार इरिडियम प्लग घेतले. दुकानदाराने आकडा सांगितला तेव्हा त्याने दुसरीकडे बघून पैसे दिले.

आणि गाडी सुधारली. म्हणजे इतकी, की सिग्नलला ती चालू आहे की बंद हे बघायला शैलेशला काट्याकडे पाहावं लागायचं. तो सुखावला, आणि सुखावलेला शैलेश फार बोलतो. ग्रुपवर त्याने प्लगचे फोटो टाकले. टोकातलं अंतर किती असावं, गॅसवरच्या गाडीला ते कमी का ठेवतात, इंजिन तापतं कसं आणि निवतं कसं, यावर दोन दिवसांत अकरा मेसेज लिहिले. मिथुनने प्रत्येकाला अंगठा दाखवला. दमयंतीने लिहिलं, 'दादा, तू तर इंजिनियर झालास.'

लग्नाच्या दिवशी दमयंतीने त्याला बेलपाड्याला तिच्या घरी साडेदहाला बोलावलं होतं. समृद्धीला आधीच हॉलवर सोडून, डोक्याला फेटा बांधून शैलेश सव्वादहालाच पोचला. बॉनेटवर त्याने शेवंतीची एकच माळ लावली होती. दमयंती दारातच उभी होती आणि तिचे डोळे त्याच्या डोळ्यांना भिडत नव्हते.

"प्राचीला बोलाव," शैलेश म्हणाला.

"दादा, तू रागावू नको."

"का?"

"मितूनला धा वाजता बोलावला व्हता. ती गेली त्याच्या गारीत." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "किशोरीच्या टायमाला काय झाला, तुला ठाव हाय ना? सासरचे लोक अजून बोलतान. माजा जीव घाबरला रं."

शैलेशला काहीतरी खूप कडू बोलायचं होतं. पण त्याच वेळी आतून काठी टेकत त्यांची म्हातारी गोदूआत्या बाहेर आली आणि त्याच्या गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"मी पन मितूनच्याच गारीत बसनार व्हते," ती म्हणाली. "पन तिथं मेकपचं डबं ठेवल्यान. चल आता, ऊन चरतंय."

दमयंती मागे बसली. मे महिन्याचं ऊन, ट्रकांची रांग, आणि शैलेशची गाडी लोण्यासारखी चाललेली. ती बंद पडली असती तर बरं, असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

कळंबोलीच्या पुढे कडेला मिथुनची पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. शैलेशला कारण लांबूनच दिसलं. मिथुनने गाडीच्या पुढच्या जाळीवर झेंडूची चांगली जाडजूड चादर बांधून घेतली होती. आत वारा जायला बोटभर जागा नव्हती, आणि त्यात एवढा वेळ ट्रकांमध्ये रांगत आल्यावर इंजिन तापेल नाहीतर काय होईल. मिथुन मोबाइल घेऊन येरझाऱ्या घालत होता. झाडाच्या वीतभर सावलीत प्राची आणि तिची पाठराखीण उभ्या होत्या.

शैलेशने ब्रेक दाबला. देव आहे, असं त्याला वाटलं. तो उतरला, फेटा सारखा केला आणि आपल्या गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"ये बाळा. बस."

प्राची बसली. मांडीवर डबा घेऊन पाठराखीण बसली. पुढे गोदूआत्या, मागे दमयंती, त्या दोघी. मिथुनने गाडीत डोकावून बोटाने माणसं मोजली.

"दादा, आपुन सहा हाव. एकाला रावायला लागंल."

"राहा ना मग. गाडी तुझी आहे."

"मला बॉनेट पन उघरता येत नाय. मी रावून काय करू? पानी कुठं टाकायचा, कवा टाकायचा, तुला सगला ठाव हाय. तूच तं लिवला व्हता." त्याने हात पुढे केला. "चावी दे."

शैलेशने दमयंतीकडे पाहिलं. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"दादा, मुहूर्त जाईल. तुला इंजिनातला कलतंय रं. तूच थांब."

"मोठे मामा, तुम्ही लवकर या हां," प्राची आतून म्हणाली.

शैलेशने चावी दिली. मिथुन बसला, सीट मागे सरकवली, आरसा स्वतःच्या उंचीला फिरवला. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली आणि आवाजही न करता ट्रकांच्या रांगेत शिरून निघून गेली.

शैलेशने झेंडूची चादर सोडवून कडेला टाकली. इंजिन निवायला पाऊण तास तरी लागणार होता. घाई करून झाकण उघडलं तर तोंडावर उकळतं पाणी येतं, हे त्याला नीट माहीत होतं. तो बंपरला टेकून उभा राहिला. तेवढ्यात वाहतुकीचा हवालदार मोटारसायकलवरून आला आणि फेट्याकडे बघत थांबला.

"गाडी कुणाची?"

"भावाची."

"भाऊ कुठंय?"

"माझ्या गाडीतून गेला."

"आणि नवरी?"

"तीही माझ्याच गाडीत आहे."

हवालदाराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग तुम्ही इथं काय करताय?"

शैलेशने फेटा काढला आणि त्याच्या शेमल्याने कपाळावरचा घाम पुसला.

"मला इंजिनातलं कळतं," तो म्हणाला.