अळंबीतला रुपया

गुलबर्ग्याहून शाळा-तपासनीस रामाचार्य येत्या सोमवारी येत असल्याचं कार्ड हिवरवाडीच्या शाळेत पोचलं, तेव्हा बंडोपंत मास्तर पोरांना भागाकार शिकवत होते. कार्डात तपासणीच्या दोन ओळी होत्या. मग सही होती. आणि सहीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, तिसरी ओळ होती: ‘आपल्याकडे सध्या अळंबी निघतात असे ऐकतो.’ बंडोपंतांनी ती ओळ तीनदा वाचली, भागाकार बाकीसकट तिथंच सोडला आणि शाळेला सुट्टी दिली.

हिवरवाडी बिदर जिल्ह्यातल्या मंठाळपासून दोन कोसांवर. तिथं बंडोपंत चार वर्षं हंगामी हेडमास्तर होते. शाळेत दुसरा मास्तरच नव्हता, त्यामुळे ते हेड नेमके कोणाचे हे कुणी विचारलं नव्हतं. पण ‘हंगामी’ हा शब्द त्यांना चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा. तपासनिसांनी शेरेबुकात ‘कायम करावे’ एवढे दोन शब्द लिहिले की खडा निघणार होता.

निजामाच्या अमदानीत बंडोपंत काळी शेरवानी आणि रुमी टोपी घालत आणि खोकलासुद्धा उर्दूत काढत. पोलीस ॲक्शन झाली त्या शुक्रवारी ते शेरवानीत झोपले आणि शनिवारी खादीत उठले. तेव्हापासून जुनं ते सगळं त्यांना वर्ज्य झालं. निजामाचा, चारमिनारच्या छापाचा जुना हाली रुपया दिसला तरी ते नाक मुरडत. खिशात कायम नव्या सरकारचा, सिंहांच्या मोहरेचा कोरा कलदार रुपया. बाजारात भाजीवाल्या त्याऐवजी हाली मागत, तेव्हा ते त्यांनाच नागरिकशास्त्र शिकवत.

अळंबी मात्र त्यांनी जन्मात जवळून पाहिली नव्हती. गावात ती, म्हणजे गावच्या बोलीतले अणबे, एका भागम्मालाच मिळत. दर श्रावणात ही बाई पहाटे कुठंशी जायची आणि दुरडी भरून यायची. जागा तिनं स्वतःच्या सुनेलासुद्धा दाखवली नव्हती.

“भागम्मा, ती जागा दाखव मला,” बंडोपंत तिच्या अंगणात उभे राहून म्हणाले.

“अणबे देते की मास्तर. टोपलंभर देते. जागा न्हाई.”

“मला शास्त्रीय पद्धतीनं स्वतः ओळखून काढायची आहेत.”

“वळखायला आमची आई सात वर्सं शिकवली. तुमी सोमवारपतुर शिकणार व्हय?”

“तू निरक्षर बाई. माझ्याकडे पुस्तक आहे.”

“मग पुस्तकच रांधा की,” म्हणून भागम्मा शेणाच्या पाटीकडे वळली.

पुस्तक खरंच होतं. इंग्रजी होतं, आणि चित्रं काळी-पांढरी होती. खाण्याजोगी कुठली आणि विषारी कुठली हे त्यात रंगावरून सांगितलेलं होतं. सगळीच करडी! रविवारी बंडोपंत छत्री घेऊन निघाले. माळावर गेले नाहीत, कारण माळावर चिखल होता. चावडीमागचा उकिरडा, गुरुशांतप्पांची पडकी भिंत आणि कोंडवाड्याचा कोपरा एवढ्यात त्यांचं संशोधन आटोपलं. ज्यांना गावची शेंबडी पोरं कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात आणि काठीनं उडवतात, त्या त्यांनी अदबीनं उपटून उलट्या छत्रीत भरल्या.

घरी शारदाबाई तुळशीपाशी वाती वळत बसल्या होत्या. छत्रीत डोकावून त्या दोन पावलं मागं सरल्या.

“अहो, कामून आणलंत हे घाण? चातुर्मास चालूय!”

“साहेबांना हवीत. आणि लसूण सढळ घाल, त्याशिवाय म्हणे चव येत नाही.”

“रामाचार्यांना? गोपीचंदनाच्या मुद्रा लावणाऱ्या वैष्णवाला? श्रावणात? सोमवारी?”

“प्रवासात नियम नसतात. तू रांध फक्त.”

“माझ्या चुलीवर न्हाई. मागं गोठ्यात तीन दगड मांडते, मडकं घेते, मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून न्हाते. आणि ह्यातलं विषारी कुठलं, ते कळतं का तुम्हाला?”

“चांदी!” बंडोपंत एक बोट वर करून म्हणाले. “शिजताना चांदीचा रुपया टाकायचा. काळा पडला तर विष. पांढरा राहिला तर खुशाल खा. प्रयोगसिद्ध आहे.”

शारदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि ती चिमटीत धरून गोठ्याकडे नेली. पंधरा वर्षांच्या संसारात त्या एवढं शिकल्या होत्या.

सोमवारी दुपारी रामाचार्य आले. त्यांच्या मुद्रा इतक्या ठळक की बैलगाडी वेशीत शिरायच्या आधीच त्या दिसल्या. शाळेची तपासणी त्यांनी दारातूनच केली. “भिंती चार आहेत ना? ठीक,” म्हणाले, आणि नाक वर करून वास घेतला. शेरेबुक पुढं आल्यावर म्हणाले, “जेवण झाल्यावर लिहू. रिकाम्या पोटी मत बनत नाही.”

शारदाबाई तोवर रांधून, मडकं गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवून विहिरीवर गेल्या होत्या. वाढायला बंडोपंतच. त्यांनी मडकं मागच्या पडवीत आणलं आणि जादूगाराच्या थाटात खिशातला कलदार काढून त्यात टाकला. शंभर आकडे मोजले. पळीनं रुपया वर काढला. लखलखीत! अशोकस्तंभाचे सिंह नुकतेच न्हाऊन आल्यासारखे.

“वा! शिक्षक असावा तर असा,” रामाचार्य म्हणाले आणि तुटून पडले. दोन भाकरी, मग तिसरी. लसणाच्या वासानं गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघत राहिली. “विद्यार्थी असताना बिदरला एका मित्राच्या शेतावर खाल्ली होती, त्यानंतर आज. घरी नाव काढलं तरी आमच्या मालतीबाई तुळशीचं पाणी शिंपडतात. तुम्ही नाही घेत?”

“आमच्यात चालत नाही साहेब,” बंडोपंत नम्रपणे म्हणाले.

शाळेचा शिपाई भीमण्णा खरकटं आवरायला आला. तरुणपणी त्यानं कल्याणीच्या सोनाराकडे भाता ओढला होता. पाटावरचा रुपया धुऊन त्यानं दगडावर आपटला, कान लावला आणि सहज म्हणाला, “मास्तर, परीक्षा ह्याच रुपयानं केलाव का?”

“हो. का?”

“काय न्हाई. ह्यात चांदी कुठंय म्हणून इचारलो. नव्या कलदारात निस्तं निकेल हाय. गटारीत टाका, का इखात टाका, ह्येच्या तोंडावरची माशी हलत न्हाई.”

रामाचार्यांचा चौथ्या भाकरीचा घास हातातच राहिला.

“चांदी नाही?”

“चांदी हालीत, साहेब. जुन्या हालीत.”

घरात हाली एकच होता, देवघरात, लक्ष्मीपूजनाचा. बंडोपंतांनी सोवळं-ओवळं न बघता तो उचलला आणि मडक्यात सोडला. तिघं वाकून बघत बसले. शंभर आकडे मोजायची गरज पडली नाही. चारमिनार आधी पिवळा झाला, मग तपकिरी, मग तव्याच्या बुडासारखा काळा.

“अगगगग!” रामाचार्य पोट धरून आडवे झाले. मघापर्यंत ठणठणीत असलेल्या माणसाच्या हातापायांना एकाएकी मुंग्या आल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि गुलबर्ग्याचं घर दिसायला लागलं.

“रिठ्याचं पाणी!” भीमण्णा ओरडला. “वकाय लावा साहेबास्नी!”

मग पडवीत जे झालं ते म्हशीनं पाहिलं ते पुरे. एक तांब्या रिठ्याचं, एक मिठाचं, पुन्हा रिठ्याचं. रामाचार्यांच्या तोंडातून फेस यायला लागला. तो रिठ्याचा होता, पण बंडोपंतांना तो विषाचा वाटला. ते आत धावले, आणि दौत, टाक, शेरेबुक घेऊन बाहेर आले.

“साहेब, तेवढं ‘कायम करावे’... दोनच शब्द!”

“अरे... वैद्य...”

“वैद्याला कल्याणीहून यायला संध्याकाळ होईल साहेब. तोवर आपला हात... म्हणजे, अक्षर चांगलं आहे तोवर...”

रामाचार्यांनी एकदा बंडोपंतांकडे पाहिलं. तोंडातून फुगे निघत होते, पण ते बघणं पोलादी होतं. त्यांनी टाक घेतला आणि दोन शब्द लिहून खाली सही केली. बंडोपंतांनी त्यावर घाईघाईनं वाळू टाकली आणि मगच साहेबांच्या पाठीवरून हात फिरवला.

इतक्यात ओलेत्यानं शारदाबाई आल्या, आणि त्यांच्यामागं भागम्मा.

“अक्का, आमची दुरडी द्या,” म्हणत भागम्मा पडवीत शिरली आणि थबकली. “ह्ये काय चालायलाय? साहेब कामून उलटं टांगलाव?”

“विष!” बंडोपंत कण्हले. “तुझ्यासारखीनं जागा दाखवली असती तर ही वेळ आली नसती.”

“कशाचं इख? आमच्या अणब्यात?”

“तुझ्या?”

शारदाबाई पदर पिळत शांतपणे म्हणाल्या, “तुमची छत्री मी कालच उकिरड्यावर झाडली. पहाटे भागम्मानं मागच्या दारानं दुरडी दिली. वाटीभर मेतकुटाच्या बदल्यात. साहेब मेले असते तर तुम्ही गेला असता फासावर, आणि कपाळ माझं पांढरं झालं असतं. तुमच्या प्रयोगापायी?”

“मग हाली काळा कसा पडला?”

भागम्मानं मडक्यात डोकावलं आणि पदर तोंडाला लावला. “दोन गड्डे लसूण घातलाव की. लसणात चांदीचं पैंजण टाका, ते बी काळं व्हतंय. आमी अणबे रुपयावरनं वळखत न्हाई मास्तर. वारुळावर उगवलेली, डोक्याला टोक, आन् मुळी हातभर खाली. ते बी पुरं पडत न्हाई. आई दाखवली तेवढ्याच जागचे, तसलेच आणतो, दुसऱ्याला हात लावत न्हाई.”

“अहो, पण ती माझी लक्ष्मी!” एवढ्यात शारदाबाईंना मडक्यातला रुपया दिसला. पुढचा अर्धा तास बंडोपंतांना कुणी बोलू दिलं नाही.

रामाचार्य उठून बसले. तोंड पुसलं. मुद्रा पुसल्या गेल्या होत्या, त्या चाचपल्या. मग खालच्या आवाजात भागम्माला म्हणाले, “दुरडीत अजून आहेत का थोडी?”

“हाईत की. पर जागा इचारायची न्हाई.”

“छे छे. मला जागेशी काय करायचंय, बाई.”

रिठ्यानं रिकामं झालेलं पोट त्यांनी पुन्हा भरलं. निघताना भीमण्णाला आणि शारदाबाईंना त्यांनी हात जोडून सांगितलं की आज जेवायला शिरा होता. बंडोपंतांना काही सांगितलं नाही. फक्त गाडीत बसताना म्हणाले, “तुम्ही स्वतः एकही घास घेतला नव्हता, नाही का?”

पंधरा दिवसांनी हुकूम आला. बंडोपंतांनी देवापुढं ठेवून तो उघडला. साहेबांनी शब्द पाळला होता: बंडोपंतांना हेडमास्तर म्हणून कायम करण्यात आलं होतं. औराद तालुक्याच्या पार टोकाला, जिथं पुस्तकंसुद्धा बैलांच्या पाठीवरून जात, अशा एका वस्तीवर. तत्काळ. ‘कायम करावे’ लिहून घेताना कुठं, ते लिहून घ्यायचं राहिलं होतं. शारदाबाईंनी घासून पांढरा केलेला हाली पदरात बांधला आणि गाडीत चढल्या.

हिवरवाडीची जागा रिकामीच राहिली. वर्षभर शाळेला मास्तर नव्हता. पोरं म्हशीमागं गेली, शेरेबुक भीमण्णाच्या फडताळात राहिलं. ते उघडून बघा. पुढच्या श्रावणात त्या शाळेची तपासणी चार वेळा झालेली आहे, आणि चारही शेरे सारखे आहेत: ‘शाळा पाहिली. फार समाधान वाटले.’ खाली सही रामाचार्यांची. चौथ्या शेऱ्याखाली तारीख आहे, ती पंचांगात काढून बघितली तर त्या दिवशी रविवार होता.